लौकी औषध म्हणून : दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की माझ्या नागपुरातल्या दवाखान्यात लौकीचे प्रश्न सुरू होतात. "डॉक्टर, रोज सकाळी अनशापोटी रस पिऊन राहिलो, चालते न?" "काकूंनी सांगितलं, शुगर उतरते म्हणे." "आमच्या ग्रुपवर आलं होतं, ब्लॉकेज निघून जातात." मी आयुर्वेदाची वैद्य आहे. लौकीवर माझा जीव आहे आणि तिच्यामुळे घरात एकदा जीवघेणा प्रसंगही ओढवला आहे. म्हणून ही उत्तरं नीट लिहून काढली. वेळ नसेल तर कडू लौकीचा प्रश्न तेवढा आधी वाचा. बाकीचे सावकाश वाचले तरी चालतील.

लौकी, दुधी, भोपळा, कोहळं : यांतलं नक्की कोणतं?

आपण नागपूरकर ज्याला लौकी म्हणतो, त्याला पुण्या-मुंबईकडे दुधी किंवा दुधी भोपळा म्हणतात. या पानावर सगळीकडे तीच आहे. शास्त्रीय नाव लॅजेनारिया सिसेरारिया, संस्कृतात अलाबू किंवा तुंबी.

खरा घोळ कोहळ्याचा होतो. आपल्याकडे कोहळं म्हटलं की ज्याची गूळ घालून बोंडं तळतात तो लाल भोपळा डोळ्यांसमोर येतो. पश्चिम महाराष्ट्रात कोहळा म्हणजे ज्याचा पेठा करतात ते पांढरी भुकटी धरलेलं फळ, संस्कृतातलं कूष्मांड. मोबाइलवर आलेला 'कोहळ्याच्या रसाचा' उपाय वाचून एक आजोबा महिनाभर लाल भोपळ्याचा रस पीत होते. त्यांचं नुकसान काही झालं नाही, पण उपाय करायचा तर आधी फळ तरी तेच हवं.

वेलीवरून ओळखणं सोपं आहे. लाल भोपळ्याचं फूल पिवळं असतं आणि सकाळी उमलतं. लौकीचं फूल पांढरं, दिवस कलल्यावर उमलणारं. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, आपल्याकडे उशिरा आला. लौकीचं मूळ आफ्रिकेत असलं तरी ती इथे इतकी जुनी आहे की आपल्या प्राचीन संहितांमध्ये ठायी ठायी भेटते.

आयुर्वेदात लौकीबद्दल काय सांगितलं आहे?

लौकी गोड आणि कडू अशी दोन प्रकारची असते, आणि ग्रंथकारांनी या दोघींना एका माळेत ओवलेलं नाही. हे एवढं समजून घेतलं तर पुढचे निम्मे गैरसमज मिटतात.

गोड लौकी म्हणजे मिष्टतुंबी. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिचे गुण दिले आहेत : हृद्य, पित्त आणि कफ कमी करणारी, रुची आणणारी, धातूंचं म्हणजे शरीराच्या घटकांचं पोषण करणारी, आणि गुरू. गुरू म्हणजे पचायला जड. हा शब्द ऐकून रुग्ण चमकतात, कारण लौकी म्हणजे हलकं खाणं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण आपल्या आज्या तिला जिऱ्याची फोडणी देत, आल्याचा तुकडा ठेचून घालत आणि मऊ शिजवत. जड वस्तू हलकी करून घेण्याची ही रीत आहे. अनशापोटी प्यायलेल्या गार, कच्च्या रसात यातलं काहीच होत नाही.

कडू लौकी म्हणजे कटुतुंबी, चरकसंहितेतली 'इक्ष्वाकू'. त्या ग्रंथातल्या कल्पस्थान या विभागाचा तिसरा अध्याय अख्खा तिच्यावर आहे आणि तिच्या ४५ पाठांची, म्हणजे औषध करण्याच्या कृतींची, गणती तिथे दिली आहे. हे सगळे पाठ वमनाचे, म्हणजे रुग्णाला ओकारी करवण्याचे आहेत. वमन हा पंचकर्मातला विधी. आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल-तूप देणं आणि शेक देऊन घाम काढणं, रुग्णाचं बळ पाहणं, मात्रा मोजणं, वैद्याने शेजारी बसून ओकारीचे वेग मोजणं, आणि नंतर पेजेपासून हळूहळू आहारावर आणणं. कडू लौकी पोटात गेली की काय होतं हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिला भाजीच्या टोपलीतून काढून वैद्याच्या हाती दिलं.

'हृद्य' म्हणजे हृदयाचं औषध ना? मग ब्लॉकेजसाठी रस का नको?

'हृद्य' या शब्दाचा अर्थ मनाला रुचणारं, प्रसन्न करणारं असाही आहे. चरकांच्या हृद्य गणात आंबा, बोर, करवंद, डाळिंब, महाळुंग अशी फळं आहेत. बोरं खाऊन शिरा मोकळ्या होतात असं कोणी म्हणत नाही. मग लौकीच्याच डोक्यावर हे ओझं का?

लौकीच्या रसाने हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे विरघळतात याला आधार नाही. तेलकट, खारट खाणं सोडून कोणी लौकीच्या भाजीवर आला तर त्याला बरं वाटेल. ते श्रेय पथ्याचं, आणि मला ते पथ्य मनापासून मान्य आहे. पण छातीत दुखतंय, जिना चढताना दम लागतोय, आणि माणूस एक महिना रस पिऊन बघू म्हणतोय, असं होऊ देऊ नका. त्या महिन्यात काय घडेल ते सांगता येत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, गोळ्या चालू ठेवा आणि लौकी ताटात घ्या.

कडू लौकी खरंच धोकादायक असते का? कडू तेच गुणकारी असं म्हणतात ना?

माझ्या बाबांनीही हेच म्हटलं होतं.

गच्चीवरच्या वेलाची लौकी होती, घरच्याच राखलेल्या बियांची. बाबांनी किसून, फडक्यातून पिळून पेलाभर रस काढला. आईने चमच्याने चाखला आणि थुंकला. "कडूजहर आहे हो, फेका." बाबा म्हणाले, "कारलं कडू, कडुनिंब कडू, काढा कडू. गुणाचं सगळं कडूच असते." नाक दाबून त्यांनी अर्धा पेला घेतला. वीस मिनिटांत पोटात पिळवटायला लागलं, मग ओकाऱ्या, मग जुलाब. तासाभरात ओकारीत रक्ताच्या रेघा दिसल्या, हातपाय गार पडले. मी दवाखान्यातून पोहोचले तेव्हा त्यांची नाडी बोटाला जेमतेम लागत होती. रुग्णालयात तीन दिवस सलाईन लागलं. ते वाचले ते आईने "थोडं पडू द्या, बरं वाटेल" असं न म्हणता लगेच शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली म्हणून.

याचं कारण कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं. काकडी, लौकी, दोडका, कारलं हे ज्या कुळातले, त्या कुळातल्या झाडांचं हे किडी-जनावरांपासूनचं संरक्षण आहे. खाण्यासाठी लावलेल्या लौकीत ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ नाहीशी केलेली असतात. पण पाण्याचा ताण, कडक ऊन, कस गेलेली माती किंवा रानटी वेलीशी झालेला संकर यांमुळे ती पुन्हा वाढतात. बाहेरून बघून काहीही कळत नाही. बाबांची लौकी हिरवीगार आणि कोवळी होती.

ही द्रव्यं पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराला झोंबतात. मळमळ, ओकारी, जुलाब, पोटात कळ, ओकारीत रक्त, रक्तदाब खाली जाणं, असा हा क्रम काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत सुरू होतो. या विषावर उतारा नाही. सलाईन, रक्तदाब सांभाळणं, पोटाच्या अस्तराला जपणारी औषधं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. आपल्या देशात यात माणसं दगावलेली आहेत. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला : रस काढण्याआधी तुकडा चाखून बघा, कडू लागला तर अख्खी लौकी टाका, लौकीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर अस्वस्थ वाटलं तर थेट रुग्णालय गाठा.

दुसरा रस न मिसळण्याचं कारण साधं आहे. आवळा, कारलं, पुदिना, लिंबू घातलं की लौकीचा कडवटपणा झाकला जातो आणि जिभेचा इशारा आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

आता कारल्याचं. कारल्याचा कडूपणा हा त्याचा नेहमीचा स्वभाव आहे, त्यातली कडू द्रव्यंही वेगळी आहेत आणि आपण ते शतकानुशतकं त्याच चवीसह पचवत आलो आहोत. लौकी, काकडी, दोडका, पडवळ यांचं तसं नाही. ही फळं गोड किंवा सपकच असायला हवीत. त्यांत कडूपणा आला की काहीतरी बिघडलं आहे.

शिजवल्यावर कडूपणा जातो ना?

नाही. ही द्रव्यं उकळण्याने नष्ट होत नाहीत. गूळ-साखर घातल्याने चव बदलते, विष तसंच राहतं. कडू लौकीची भाजी खाऊनही लोक आजारी पडले आहेत. फरक इतकाच की भाजीचा पहिला घास कडू लागला की आपण ताट सरकवतो, आणि रस मात्र नाक दाबून एका दमात पितो.

रस प्यायचाच असेल तर कसा?

मी स्वतः कोणाला कच्चा रस सांगत नाही. पण ज्यांना सोडवत नाही त्यांनी हे तरी पाळावं. लौकी धुऊन साल काढा. देठाकडचा एक आणि मधला एक तुकडा चावा, जिभेवर नीट फिरवा, थुंका. दोन्ही सपक लागले तरच पुढे जा. रस ताजा काढून लगेच घ्या. पेलाभर पुरे. एकट्या लौकीचाच, आणि नुसता. बागेबाहेर फिरायला येणाऱ्यांसाठी गाड्यांवर आधीच काढून बाटलीत भरलेला रस मिळतो, तो घेऊ नका. त्यातली कोणती लौकी कोणी चाखली होती, हे तुम्हाला कळायला काही मार्ग नाही.

तापातून उठलेल्या माणसाला लौकी कशी द्यावी?

या प्रश्नावर मी सगळ्यात आनंदाने बोलते, कारण लौकीचं खरं काम इथेच आहे. टायफॉइड, डेंग्यू, लांबलेला ताप यांतून माणूस उठतो तेव्हा तोंडाला चव नसते, पोट नाजूक असतं आणि अंगात पाणी कमी पडलेलं असतं. लौकीच्या शंभर ग्रॅमांत पंच्याण्णवच्या आसपास पाणीच असतं. मुगासोबत शिजली की ती घशाखाली विनासायास उतरते.

मूठभर मुगाची डाळ, तितक्याच लौकीच्या बारीक फोडी, चिमूटभर हळद, पाणी सढळ. कुकरच्या तीन शिट्ट्या. मग रवीने घोटून चमचाभर तुपात जिरं तडतडवायचं, किसभर आलं आणि मीठ. वरून थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला की सुगंधाने भूक चाळवते. लसूण, तिखट, गरम मसाला आठवडाभर बाजूला ठेवा. आपल्याकडची चणाडाळ घातलेली झणझणीत लौकी मलाही प्रिय आहे, पण ती पूर्ण बरं झाल्यावर.

नागपूरच्या उन्हात लौकीचा काय उपयोग?

पारा ४५ च्या वर गेला की रोजच्या जेवणात लौकी, काकडी, ताक, कांदा असावं, यात दुमत नाही. तळपाय जळत असतील तर लौकीची गार चकती पंधरा मिनिटं तळव्यांवर चोळायची जुनी रीत आहे. आराम पडतो आणि अपाय काही नाही. मी स्वतः मे महिन्यात रात्री झोपण्याआधी करते.

पण ऊन लागलं असेल, अंग तापलं असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा घाम येणं थांबलं असेल, तर लौकी किसत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि लगेच रुग्णालयात न्या. अशा वेळी मिनिटं मोलाची असतात.

शुगर आणि बीपीला लौकी चालते का?

भाजी म्हणून उत्तम. शंभर ग्रॅमला जेमतेम १५ कॅलरी, पिष्टमय भाग अगदी कमी, पोट मात्र भरतं. बटाट्याऐवजी लौकी आली की शुगरचे आकडे सुधारणारच. लौकी गोळीची जागा घेत नाही. गोळी स्वतःहून बंद करून आलेले रुग्ण मला दर उन्हाळ्यात भेटतात.

मूतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर?

लौकीने लघवी साफ होते हा जुना अनुभव आहे, आणि इतकं पाणी असलेल्या भाजीबाबत तो पटण्यासारखाही आहे. खड्याच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावं, लौकी खावी. त्याने खडा विरघळेल असं मी म्हणणार नाही.

किडनी खराब झालेल्या माणसाची गोष्ट उलटी आहे. शंभर ग्रॅम लौकीत साधारण १५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. भाजीच्या वाटीत ते फार नाही, पण पेलाभर रसाला अर्धा किलो लौकी लागली तर हिशेब बदलतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर रस अजिबात नको आणि भाजीचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून.

बाळंतिणीला लौकी दिली की दूध वाढतं?

घरोघरी असं मानतात. सासूबाईंनी मला दीड महिना रोज लौकी खाऊ घातली, तुपात परतून, कधी हलवा करून. दूध मुख्यतः वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्याने. लौकीने बाळंतिणीच्या पोटात मऊ अन्न आणि पाणी जातं, शौचाला त्रास होत नाही. एवढ्यासाठी तरी ती ताटात असावी. घरातलं कोणी प्रेमाने करून वाढत असेल तर नाही म्हणू नका. फक्त करणाऱ्याने तुकडा चाखलेला असावा.

काविळीत पानांचा काढा किंवा नाकात थेंब घालतात, ते?

पानांचा काढा खडीसाखर घालून देण्याची परंपरा आहे. पण काविळीत यकृत आधीच थकलेलं असतं आणि पानांत कडू द्रव्यं किती आहेत ते मोजायला आपल्याकडे काही साधन नाही. मी देत नाही.

कडू तुंबीचा किंवा कडू दोडक्याचा रस नाकात घालण्याचा प्रकार तर कृपा करून थांबवा. नाकातून पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं कावीळ उतरली. ते नाकाच्या होरपळलेल्या अस्तरातून झिरपणारं पाणी असतं. कावीळ रक्तात असते, ती नाकातून गळून जात नाही.

बिया आणि तेलाचा काय उपयोग?

सुकलेल्या बियांचा मगज थंडाईत, लाडवांत घालतात. युनानी वैद्यकात गोड लौकीच्या बियांचं तेल, रोगन कद्दू, डोकेदुखीवर आणि झोप न येण्यावर डोक्याला चोळायला देतात. घरी करायचं तर लौकीचा रस तिळाच्या तेलात मंद आचेवर पाणी आटेपर्यंत कढवतात. तेल तडतडायचं थांबलं की पाणी आटलं समजायचं. उतरवून गाळून ठेवा. रात्री टाळूवर चोळलं की शांत वाटतं. केस उगवतील, असं वचन मी देत नाही.

तुंबडी लावणं म्हणजे हीच तुंबी का?

हीच. सुश्रुतसंहितेत दूषित रक्त काढण्याचे प्रकार दिले आहेत : वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू. वाळलेल्या पोकळ तुंब्यात पेटता दिवा ठेवून तो त्वचेवर दाबायचा. आतली हवा कमी होते आणि त्वचा वर ओढली जाते. गावोगाव फिरणारे वैदू तुंबड्या लावत, ती हीच परंपरा. 'स्वतःची तुंबडी भरणे' हा वाक्प्रचारही याच फळाच्या घरातला. त्वचेला छेद देऊन रक्त काढायचं असेल तर निर्जंतुक साहित्य असलेल्या प्रशिक्षित वैद्याकडेच जा. रस्त्याकडेला बसून नको.

लहान बाळाला कधीपासून?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, शिजवून, घोटून. रस नाही.

बाजारात लौकी कशी निवडावी?

सालीवर बारीक लव असावी, रंग फिका हिरवा, देठ ताजा. नख हलकेच रुतायला हवं. भाजीवाल्या मावशी रागावतात, तेव्हा त्यांना विचारूनच नख लावा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. हलकी लागली तर आत बिया जून झालेल्या असतात. हे सगळं कोवळेपणासाठी. कडूपणा यातल्या कशानेही ओळखता येत नाही, तो फक्त जिभेलाच कळतो.

गच्चीवर लावलेली लौकी सुरक्षित असते ना? घरचीच तर आहे.

आमची घरचीच होती. बाजारातल्या सुधारित वाणाचं बी निवडीतून आलेलं असतं. घरी राखलेल्या बियांत आजूबाजूच्या कुठल्या वेलीचे परागकण मिसळले ते माहीत नसतं. त्या वर्षीचं फळ गोड असतं. संकर बियांत लपून बसतो आणि पुढच्या वर्षीच्या वेलाला कडू फळ धरतं. म्हणून दरवर्षी विश्वासू ठिकाणाहून नवं बी आणा. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी आणि जून-जुलैत पावसाळी लागवड करतात. कुंडी मोठी घ्या आणि मे महिन्यात पाणी दोन्ही वेळा घाला, वेल सुकू देऊ नका. संध्याकाळी फुलं उमलली की नर फूल तोडून मादी फुलाच्या तोंडाला हलकेच लावा. मादी फूल ओळखायची खूण म्हणजे त्याच्या मागे इवलीशी लौकी असते. पहिलं फळ उतरलं की त्याचा तुकडा चाखा आणि पुढच्या प्रत्येक फळाचाही. एकाच वेलावर एक गोड आणि एक कडू निघू शकते.

कडू निघालेली लौकी गाईला घालावी का? अन्न टाकवत नाही.

घालू नका. जनावरांनाही हे विष बाधतं, आणि गाय सांगू शकत नाही की कडू लागलं. तुकडे करून मातीत पुरा. बिया त्यात जाऊ देऊ नका, त्या वेगळ्या काढून जाळा. नाहीतर पावसाळ्यात तिथेच वेल उगवेल, आणि कोणीतरी आयती लौकी म्हणून तोडून नेईल.